मोहरी मागायची कुठल्या घरी?





बाबासाहेबांच्या जयंतीची धावपळ एव्हाना ओसरली असेल. भाड्याने घेतलेल्या हॉलच्या किल्ल्या परत गेल्या, मुलांच्या भाषणांचे व्हिडिओ ग्रुपवर फिरून झाले, उरलेल्या पुलावाचे डबे कुणाकुणाच्या फ्रीजमध्ये जाऊन बसले. आता पुढच्या आठवड्यात, २२ एप्रिलला, या देशात आणखी एक दिवस पाळला जातो. तुमची मुलं इथल्या शाळेत जात असतील तर त्यांना तो माहीत असण्याची शक्यता आहे, आणि आपल्याला बहुधा नसतो. स्टीफन लॉरेन्स डे. या वेळचं धम्मचिंतन त्या दिवसाबद्दल आहे. खरं म्हणजे स्टीफनच्या आईबद्दल, आणि ज्यांचं मूल कुणीतरी मारलं अशा आईबापांशी आपण काय बोलतो, त्याबद्दल.

विषय मी शोधलेला नाही, तो आपल्यासमोर येऊन उभा राहिला. गेल्या महिन्यातल्या ऑनलाइन पुण्यानुमोदनाला तुमच्यापैकी बरेच जण होते. आपल्यातल्या एका उपासिकेच्या बहिणीचा तरुण मुलगा गावाकडे मारला गेला. कोण, कुठे, कशावरून, हे इथे लिहीत नाही. खटला अजून उभा राहायचा आहे. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, भन्तेजींनी परित्राणपाठ म्हटला. मग एकेक जण सांत्वनाचं बोलू लागला. एका ज्येष्ठ उपासकांनी किसागोतमीची गोष्ट सांगितली. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, 'ज्याचं त्याचं संचित.' मुलाची आई तिकडे मोबाईलसमोर बसली होती, कॅमेरा अर्धा छताकडे. ती एवढंच म्हणाली, "दादा, मोहरी मागायला मी कोणत्या घरी जाऊ? माझं लेकरू मेलं नाही. मारलंय त्याला."

या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. धम्म सांगणाऱ्यांनी तर द्यायलाच हवं.

किसागोतमीची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण, असं तथागत तिला सांगतात. ती दारोदार फिरते आणि तिला कळतं की मरणाने एकही दार सोडलेलं नाही. तिला फिरायला लावणं हाच तिथला उपदेश आहे. ज्या आईला वाटतं की हे फक्त माझ्यावरच कोसळलं, तिला ती फेरी सोबत मिळवून देते. पण आता हीच मोहरी 'ज्या घरात कुणाचा खून झालेला नाही' अशा घरून आणायची असती तर? पहिल्याच दारात मिळाली असती. दुसऱ्याही दारात मिळाली असती. गावभर फिरून तिची ओटी मोहरीने भरली असती, आणि भरल्या ओटीने ती पहिल्यापेक्षा जास्त एकटी होऊन परतली असती.

मरण घर निवडत नाही. खून निवडतो. कातडीचा रंग बघून, आडनाव विचारून, वस्ती कुठली ते पाहून. म्हणून किसागोतमीचं औषध चुकीचं नाही, ते या दुखण्याचं नाही. आणि 'संचित' हे तर कुठल्याच दुखण्याचं औषध नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या सगळ्यांच्या घरात आहे; त्यातलं कर्मावरचं प्रकरण एकदा काढून बघा. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी भोगावं लागतं, हा विचार बाबासाहेबांनी साफ बाजूला ठेवला आहे, आणि कारणही दिलं आहे: त्या विचाराने गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या हालाची जबाबदारी समाज आणि राज्य झटकून टाकू शकतात. खून झालेल्या मुलाच्या आईला संचिताची गोष्ट सांगणारा माणूस भल्या मनाचा असेल, मला शंका नाही. पण तो नकळत आरोपीचं वकीलपत्र घेतो.

दुःखाची विभागणी इतकी सोपी नसते, हेही खरं. निसर्गाचं मरण एका टोकाला आणि खून दुसऱ्या टोकाला; मध्ये पुष्कळ काही असतं. रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न गेले. त्यांच्यावर कुणी सुरा उगारला नव्हता, तरी त्या मरणांना निव्वळ निसर्गाचं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरत होते. दोन्ही तारखा एका ओळीत लिहून पाहा. मी त्यावर भाष्य करत नाही.

आता एल्थमकडे येतो.

२२ एप्रिल १९९३. रात्री साडेदहाच्या सुमारास लंडनच्या आग्नेय भागात, एल्थमच्या वेल हॉल रोडवर दोन काळे तरुण मित्र घरी जायच्या बसची वाट पाहत होते. त्यातला एक स्टीफन, अठरा वर्षांचा, शिकणारा, आर्किटेक्ट व्हायची इच्छा असलेला. गोऱ्या पोरांच्या एका टोळक्याने वंशवाचक शिवी देत रस्ता ओलांडला आणि त्याला भोसकलं. तो उठून शंभरावर मीटर पळाला आणि कोसळला. ओळख नव्हती, भांडण नव्हतं, चोरी नव्हती. आपल्याला हे समजायला फारसं स्पष्टीकरण लागत नाही.

त्याची आई डोरीन आणि वडील नेव्हिल, दोघेही जमैकातून आलेले. डोरीन नऊ वर्षांच्या असताना इंग्लंडला आल्या. म्हणजे आपल्यासारखीच स्थलांतरितांची कहाणी, एक पिढी आधीची: कष्ट करायचे, मुलांना शिकवायचं, कुणाच्या वाकड्यात जायचं नाही, म्हणजे सगळं ठीक होईल. नाही झालं. पहिल्या काही दिवसांतच संशयितांची नावं पोलिसांपर्यंत पोहोचली होती, पण अटक होत नव्हती. लंडनला आलेले नेल्सन मंडेला ६ मे रोजी या आईबापांना भेटले. दुसऱ्या दिवशी पहिल्या अटका झाल्या. जुलैमध्ये सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले. कुटुंबाने स्वतः खाजगी खटला उभा केला, तो एप्रिल १९९६ मध्ये कोसळला. मुलाला त्यांनी इथे पुरलं नाही. इथल्या थडग्याची विटंबना होईल अशी धास्ती होती, म्हणून स्टीफनला जमैकातल्या क्लॅरेंडनला नेऊन पुरलं. ज्या देशात जन्मला त्या देशात त्याला मातीही सुरक्षित नव्हती.

इथे मला माझ्या रोजच्या कामातला एक फरक सांगू द्या. आपल्या मंडळातले निम्मे लोक आयटीत आहेत, त्यांना तो लगेच कळेल. बाकीच्यांनी थोडं सोसून घ्या. सपोर्टच्या कामात 'इन्सिडेंट' वेगळा आणि 'प्रॉब्लेम' वेगळा. सर्व्हर बंद पडला, चालू केला, तिकीट बंद: हा इन्सिडेंट. तो पुन्हा पुन्हा का बंद पडतो हे मुळापर्यंत जाऊन शोधणं, म्हणजे प्रॉब्लेम. पहिल्याला शाबासकी लवकर मिळते. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि बहुधा मूळ सापडतं ते आपल्याच घरात. लंडनच्या पोलिसांना स्टीफनचा खून हा एक इन्सिडेंट होता. त्याच्या आईवडिलांनी तो प्रॉब्लेम म्हणून उघडा ठेवला. तिकीट बंद करू दिलं नाही.

आणि हे तर धम्माचंच शिक्षण आहे. दुःख आहे, एवढं म्हणून तथागत थांबले नाहीत. त्याला कारण आहे, आणि कारण आहे म्हणूनच ते दूर करता येतं. जे माणसाने केलं, ते माणसाला बदलता येतं. खून झालेल्या मुलाच्या आईला यापेक्षा मोठा दिलासा मला माहीत नाही, आणि हा दिलासा शांत बसवणारा नाही, कामाला लावणारा आहे.

१९९७ मध्ये न्यायाधीश सर विल्यम मॅकफर्सन यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी जाहीर झाली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये अहवाल आला. त्यात ७० शिफारशी आहेत. त्यातले दोन शब्द साऱ्या जगाला माहीत झाले: संस्थात्मक वंशवाद. म्हणजे एखादा पोलीस वाईट, एवढंच नव्हे. पोलीस यंत्रणेची रीतच अशी की काळ्या माणसाला कमी न्याय मिळावा. आपल्याला यात नवं काही वाटणार नाही. जात ही एखाद्या माणसाच्या मनातली खोट नसून रचना आहे, हे बाबासाहेब कितीतरी आधी सांगून गेले. पण एखाद्या देशाच्या सरकारी चौकशीने आपल्याच पोलिसांबद्दल असं छापून द्यावं, ही लहान गोष्ट नाही.

मला मात्र त्या गाजलेल्या दोन शब्दांपेक्षा अहवालातल्या साध्यासुध्या शिफारशी जास्त हलवून जातात. त्या रात्री घटनास्थळी आलेल्या पोलिसांनी स्टीफनला नीट प्रथमोपचार दिले नाहीत. म्हणून पोलिसांच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाची शिफारस. कुटुंबाला पोलिसांनी तुच्छतेने वागवलं, माहिती दिली नाही. म्हणून खून झालेल्यांच्या कुटुंबाशी बोलायला खास प्रशिक्षण घेतलेले अधिकारी असावेत, ही शिफारस. असे अधिकारी आज इथे नेमले जातात. पोलीस ठाण्यात जायची भीती वाटते, म्हणून वंशद्वेषाची तक्रार ठाण्याबाहेरही, दिवसाच्या कुठल्याही वेळी नोंदवता यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: घटना वंशद्वेषाची आहे असं पीडित व्यक्तीला किंवा दुसऱ्या कुणालाही वाटलं, तर ती तशीच नोंदवली जावी. पोलिसाला काय वाटतं, हा प्रश्न नंतरचा.

हे वाचताना जरा थांबा. या प्रत्येक शिफारशीच्या मागे त्या आईबापांच्या वाट्याला आलेला एकेक अपमान आहे. माझ्याशी जे झालं ते पुढच्या आईशी होऊ नये, एवढा एकच विचार शासकीय भाषेत लिहिला की तो असा दिसतो. करुणा म्हटलं की आपल्याला मिटलेले डोळे आणि कमळ आठवतं. कधीकधी करुणा क्रमांक घातलेल्या शिफारशींच्या यादीत असते.

याचा लाभ कुणाला झाला? तुमच्या मुलीला बसमध्ये रंगावरून कुणी शिवी दिली आणि तुम्ही ठरवलंत की यावेळी गप्प बसायचं नाही, तर पोलीस तुमचं म्हणणं 'पोरांचा खट्याळपणा' म्हणून उडवून लावू शकत नाही, ते एल्थमच्या त्या मुलामुळे. २००० साली वंशसंबंध कायद्यात दुरुस्ती होऊन पोलिसांसह सरकारी संस्था त्याच्या कक्षेत आल्या, ते त्याच्यामुळे. आपण या देशात व्हिसा घेऊन उतरलो तेव्हा हे संरक्षण आयतं मिळालं. जसा भारतात राखीव जागेवर शिकणारा मुलगा कधीकधी विसरतो की ती जागा कुणी मिळवून दिली, तसं आपलं होऊ नये. (जातीच्या बाबतीत मात्र इथलं दार अजून अर्धवटच उघडं आहे. समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याची तरतूद २०१३ मध्ये झाली होती. २०१८ मध्ये सरकारने ती अंमलात आणायची नाही असं ठरवलं. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही, हा इथला जुना नियमही गंभीर गुन्ह्यांपुरता बदलला गेला. कायदा २००३ चा, अंमल २००५ पासून. एका आरोपीच्या जॅकेटच्या कॉलरवर रक्ताचा अगदी सूक्ष्म डाग सापडला, आणि ३ जानेवारी २०१२ रोजी दोघे दोषी ठरले. अठरा वर्षं आणि काही महिने. स्टीफन जेवढा जगला, तेवढाच काळ त्याला न्याय मिळायला लागला. तोही पूर्ण नाही. हल्लेखोर पाच-सहा होते असंच मानलं जातं.

आता मेत्तसुत्ताकडे वळतो. दर रविवारी आपण ते म्हणतो, मुलांनाही पाठ आहे. त्यात आईची उपमा आहे: आई जशी एकुलत्या एका लेकराला प्राणपणाने जपते, तसं मन सगळ्या प्राणिमात्रांबद्दल असावं. म्हणताना आपण या ओळीवरून सहज पुढे जातो. पण जिला जपता आलं नाही त्या आईने ही ओळ कशी म्हणायची? मला वाटतं, सुत्ताची दिशा नीट पाहिली तर उत्तर तिथेच आहे. सुत्त एका लेकरापासून सुरू होतं आणि तिथे थांबत नाही. त्या एका लेकरावरची माया हे माप घेऊन ते बाहेर पडतं. मूल गेलं म्हणून माप नाहीसं होत नाही. ते आईच्या हातात राहतं. त्या मापाने आता कुणाला मोजून द्यायचं, एवढाच प्रश्न उरतो.

डोरीन यांनी ते आर्किटेक्ट होऊ पाहणाऱ्या गरीब मुलामुलींना दिलं. १९९८ मध्ये स्टीफनच्या नावाने ट्रस्ट सुरू झाला. ज्या मुलांच्या घरात कुणी त्या व्यवसायाच्या जवळपास फिरकलं नव्हतं, त्यांना शिष्यवृत्ती, मार्गदर्शन, ओळखी. मुलाचं राहिलेलं स्वप्न दुसऱ्यांच्या मुलांच्या हाती द्यायचं, यात किती पोटात दुखत असेल याचा विचार करा. दुसऱ्याचा मुलगा पदवी घेऊन समोर येतो, आणि आपला असता तर आज किती वर्षांचा असता हे आईच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. आपण वंदनेत मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा असं एका दमात म्हणून टाकतो. या चौघींत मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखावणं, मला सगळ्यात अवघड वाटते. मूल गमावलेल्या बाईने ती रोजचं काम म्हणून करावी, याला मी पारमिता म्हणेन. डोरीन बौद्ध नाहीत, आणि मला त्यांना बौद्ध ठरवायचंही नाही. चांगली माणसं आपल्या रांगेत आणून उभी करायची सवय बरी नव्हे.

२००८ मध्ये लंडनच्या डेप्टफर्डमध्ये ट्रस्टचं केंद्र उघडलं, आणि आठवडाभरातच त्याच्या काचा फोडल्या गेल्या. काम चालू राहिलं.

आता एक नाजूक गोष्ट. नेव्हिल लॉरेन्स यांनी २०१८ मध्ये सांगितलं की मी मुलाच्या मारेकऱ्यांना क्षमा केली आहे. डोरीन यांची भूमिका वेगळी होती. २०१२ च्या निकालानंतर त्यांचं म्हणणं असं होतं की ज्यांनी केलेलं मान्यच केलं नाही, पश्चात्तापही दाखवला नाही, त्यांना क्षमा कशी करायची? एकाच मुलाचे आईबाप, एकच दुःख, दोन उत्तरं. दोघांचा संसारही त्या काळात तुटला, हे सांगायला हवं. अशा दुःखाने माणसं जवळच येतात असं नाही. या दोघांत धम्माच्या जवळ कोण, असं मला मागे एका युवा शिबिरात विचारलं गेलं होतं. मी म्हणालो, प्रश्न चुकीचा आहे. वैराने वैर शमत नाही, ही तथागतांची शिकवण मारेकऱ्याला मारायला निघालेल्या हाताला थांबवते. कोर्टाची पायरी चढणाऱ्या पायाला ती थांबवत नाही. डोरीन यांनी कुणाच्या घराला आग लावली नाही, कुणाच्या मुलाचं वाईट चिंतलं नाही. त्यांनी कायदा मागितला. यात वैर कुठे आहे? अंगुलिमालाची गोष्ट आपण क्षमेसाठी सांगतो, पण तिथेही आधी अंगुलिमाल थांबतो, शस्त्र टाकतो, आणि मग संघात येतो. न थांबलेल्या अंगुलिमालाला क्षमा करा, असा आग्रह तथागतांनी बोटं तुटलेल्यांच्या आयांना केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

म्हणून आपल्यातल्या कुणी शोकात बुडालेल्या आईला 'मन मोठं कर, माफ कर' असं सांगू नये. तिचं मन किती मोठं करायचं हे तिचं तिला ठरवू द्या.

मग किसागोतमी नाही, तर अशा वेळी कुणाची गोष्ट सांगावी? मला विचाराल तर पटाचारेची. तिचीही गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण बहुतेकदा आपण ती अर्धीच सांगतो. नवरा सापाने गेला, तान्हं लेकरू ससाण्याने उचललं, थोरला नदीत वाहून गेला, माहेर वादळात गाडलं गेलं. अंगावरच्या वस्त्राचं भान न राहिलेली ती श्रावस्तीत भटकत आली. लोकांनी तिला हाकललं. तथागतांनी तिला अडवू नका म्हणून सांगितलं, तिला म्हणाले की बहिणी, भानावर ये, आणि कुणीतरी आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं. इथे आपण थांबतो. पण खरी पटाचारा पुढे आहे. ती भिक्खुणी झाली, विनयात सगळ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली, आणि मग तिच्याकडे बायका येऊ लागल्या. थेरीगाथेत अशा स्त्रियांचा एक मोठा समूह आहे. परंपरा त्यांना पाचशे म्हणते. प्रत्येक जण मूल गमावलेली आई, आणि प्रत्येक जण पटाचारेने सावरलेली. तिच्याकडेच का? मोठमोठे थेर होते, खुद्द तथागत होते. मला वाटतं, कारण तिच्यासमोर काही सांगावं लागत नव्हतं. आणि आणखी एक बघा: तथागतांच्या उपदेशाआधी तिच्या अंगावर वस्त्र पडलं होतं. ते देणाऱ्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपल्यासारख्या साध्या उपासकांचं काम बहुधा ते आहे.

एवढं लिहूनही मला एका गोष्टीची काळजी वाटते. डोरीन लॉरेन्स आज ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात बसतात. २०१३ मध्ये त्यांना क्लॅरेंडनच्या बॅरोनेस केलं गेलं, ज्या मातीत स्टीफन आहे त्या भागाचं नाव घेऊन. असं उदाहरण दिलं की ऐकणाऱ्या आईवर एक ओझं पडतं: आता तूही असंच काहीतरी मोठं कर. नको. भैयालाल भोतमांगे आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातली खैरलांजी. पत्नी सुरेखा, मुलगी प्रियांका, मुलगे सुधीर आणि रोशन, चौघांना गावाने मारलं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती जन्मठेपेवर आणली, आणि हा जातीय अत्याचार आहे हे दोन्ही ठिकाणी मान्य झालं नाही. इथे एका आईच्या देशाने निदान कागदावर कबूल केलं की हे रंगामुळे झालं. तिथे एका बापाच्या देशाने ते दोन शब्दही दिले नाहीत. भैयालाल न्यायासाठी दार ठोठावत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये गेले. त्यांच्या नावाचं केंद्र नाही, पुरस्कार नाही. त्यांनी दुःखातून काय उभं केलं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, ते दहा वर्षं उभे राहिले. साक्ष देत राहिले. गाव सोडावं लागलं तरी बोलणं सोडलं नाही. दुःखाचं दुसऱ्यांसाठी काही व्हावं यासाठी आईबापांनी संस्थाच काढायला हवी असं नाही. कधीकधी एकट्या माणसाने नाही म्हणत राहणं हेच पुढच्या दहा कुटुंबांचं बळ असतं. आणि ज्याला तेही जमलं नाही, जो नुसता घरात बसून राहिला, त्याचाही धम्माने हिशोब मागू नये. तिथे संघाने जायचं असतं. संघ म्हणजे आपण.

जायचं म्हणजे काय, ते आता व्यवहाराच्या भाषेत लिहितो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं कलम १५ अ आलं आहे. त्यात संरक्षण आहे, खटल्याची माहिती मिळण्याचा हक्क आहे, तपास आणि खटल्याच्या काळातला प्रवास-निर्वाहखर्च आहे. गावाकडच्या बहुतेक कुटुंबांना हे कुणी सांगत नाही. आपल्यात तीन वकील आहेत. त्यांनी या कलमाचं साध्या मराठीत दोन पानी टिपण करायचं कबूल केलं आहे. ते पुढच्या अंकासोबत येईल, आपापल्या गावच्या ग्रुपवर पाठवा. कोर्टाच्या तारखेला कुटुंब एकटं असतं आणि समोरच्या बाजूने जीप भरून माणसं येतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. या वर्षी जे सुट्टीला भारतात जाणार आहेत त्यांनी आपल्या तारखा सचिवांना कळवाव्यात. खटल्याची तारीख जुळली तर एक दिवस कोर्टाच्या बाकावर जाऊन बसायचं. बोलायचं काही नाही, बसायचं. मारल्या गेलेल्या मुलाची धाकटी बहीण अकरावीला आहे. तिच्या फीची व्यवस्था चार घरांनी मिळून केली आहे, त्यांची नावं लिहू नका असं त्यांनी सांगितलं.

आणि २२ एप्रिलची संध्याकाळ. पाहुणे आले की आपण त्यांना १०, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर दाखवायला नेतो. या वर्षी आपल्याच मुलांना घेऊन एल्थमला जायचं ठरवलं आहे. वेल हॉल रोडच्या फुटपाथवर, जिथे स्टीफन कोसळला तिथे, त्याच्या नावाची शिळा बसवलेली आहे. तिची अनेकदा विटंबना झाली आहे. पुतळ्यांबाबत आपण जे पाहत आलो, त्यावरून याचा अर्थ मुलांना सांगता येईल. एल्थम स्टेशनपासून चालत जाता येतं. साडेसहाला स्टेशनच्या बाहेर भेटू. मोठा बॅनर नको, घोषणा नकोत, तिथली माणसं संध्याकाळी घरी जात असतात. प्रत्येकाने एक फूल आणावं, मुलांनी मेत्तसुत्त म्हणावं, आणि पाऊस असण्याची शक्यता आहे म्हणून छत्र्या आणाव्यात.

भवतु सब्ब मंगलं.
जय भीम!